उड्डाणाचा वेळ : पन्नास मिनिटं

...आणि वर तोंड करून मलाच विचारतात, "काय वहिनी, पन्नास मिनिटांत एवढ्या दमलात?" पन्नास मिनिटांत! आता तुम्हीच सांगा, यावर माणसाने हसायचं की उशी फेकून मारायची? मी उशी मारली. लागली नाही ती गोष्ट वेगळी, नेम माझा पहिल्यापासूनच कच्चा... पण मारली!

हे माझे धाकटे दीर. घरात कुणी काही बोलायचा अवकाश, यांचा अंगठा मोबाइलवर. "थांबा, बघून सांगतो." दूध नासलं, बघून सांगतो. नळ गळतोय, बघून सांगतो. अहो, नळ गळतोय तर उठून बंद करा ना! पण नाही. आधी बघणार, मग सांगणार, आणि तोवर बादली भरून वाहायला लागणार.

तर तुम्हाला सांगते, आमची बबडी दीड वर्षाची. तिची कानाची तपासणी करायची होती, आणि ते तपासणीचं मशीन आमच्या गावात नाही, ते डोंगरापलीकडच्या शहरात, मोठ्या दवाखान्यात. बसने अकरा तास. तेही घाटात बस बंद पडली नाही तर. दीर म्हणाले, "बस कशाला? थांबा, बघून सांगतो. हं... आपला विमानतळ ते त्यांचा विमानतळ, अंतर दोनशे ऐंशी किलोमीटर, उड्डाणाचा वेळ पन्नास मिनिटं. वहिनी, एक डुलकी काढली की पोचलात!"

डुलकी! अहो, डुलकीच तर नको होती!

कारण काय, दवाखान्यातल्या बाईंनी फोनवर मला दोनदा बजावलं होतं. आवाज असा शांत, पण वाक्य असं की काळजात धडकी. "हे बघा, तपासणी झोपेतच होते. डोक्याला वायरी लावायच्या असतात, बाळ जागं असेल तर ओढून काढतं. झोपेचं औषध आम्ही देत नाही. त्या दिवशी बाळाला पहाटे उठवा, वाटेत अजिबात झोपू देऊ नका, म्हणजे साडेबाराला इथे आल्याआल्या गाढ झोपेल. वाटेत झोपलं, तर पुढची तारीख चार महिन्यांनी."

चार महिने! इथे मला चार रात्री धड झोप नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, एवढी घाई कशाची? हेच सगळं घर म्हणत होतं. आमचे हे म्हणाले, "तू ना, फार विचार करतेस." दीर म्हणाले, "बघून सांगितलं ना, काही मुलं उशिरा बोलतात." आणि सासूबाई? सासूबाई म्हणाल्या, "तुझं आपलं काहीतरीच! माझा थोरला साडेतीन वर्षांचा होईतो 'अं' म्हणत नव्हता, आता बघ, गप्प बसतो का?" बरं, मी शिकलेली सातवी, त्यामुळे माझं म्हणणं म्हणजे वाऱ्यावरची वरात! पण दिवसभर पोरीजवळ कोण असतं? मी असते. ओट्यावरून परात पडली, अशी पडली की शेजारीण धावत आली, आणि बबडी तिच्याकडे पाठ करून ठोकळे रचत होती... तिने मान वळवली नाही. दाराची बेल वाजली की ती दाराकडे नाही बघत, माझ्या तोंडाकडे बघते. मी हसले की हसते, मी दचकले की दचकते. लोक म्हणतात किती गुणी पोर, कसल्या म्हणून आवाजाने उठत नाही! अहो, मला त्या गुणाचीच भीती वाटत होती!

म्हणून मी कंबर कसली. म्हटलं, तपासणी होणार. कोण येणार बरोबर ते बोला. ह्यांना रजा नाही, कारखान्यात पाळीला दुसरा माणूस नाही. दीर बघून सांगणार. राहिल्या कोण? सासूबाई! "मी येते," म्हणाल्या, "तुला आणि पोरीला एकटं कसं सोडायचं? तपासणीत काही निघणार तर नाहीच, पण निदान विमान तरी बघून होईल."

पहाटे चारला बबडीला उठवलं. गार पाण्याचा हात तोंडावरून फिरवला तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मोठी झाल्यावरही हे ती विसरणार नाही. पाचला गाडी. कारण आमचा विमानतळ 'आमचा' म्हणायचा, पण आहे दोन तासांवर! हे दिरांनी नाही हो बघून सांगितलं. विमान नऊ दहाला, पण दोन तास आधी या म्हणतात. का? तर तपासायला. काय तपासलं? बबडीचे बूट. एवढेएवढे बूट, ते वेगळ्या ट्रेमध्ये ठेवून मशीनमधून घातले! आणि सासूबाईंना त्या मुलीने हात वर करायला सांगितले तर त्या म्हणाल्या, "खांदा धरलाय गं माझा, एकच वर होतो, चालेल?"

मग बसा. एक खोली, बावीस खुर्च्या, एक काउंटर, एक घड्याळ. आणि विमान? विमान आलेलंच नाही! काउंटरवरच्या मुलाला विचारलं, तर गोड हसून म्हणतो, "मॅडम, तिकडून येणारं विमानच इकडून जातं. तिकडून निघालं की कळवतो." अहो, म्हणजे आमच्या एस्टीसारखंच की! "आणि तिकडून कधी निघणार?" "इकडून गेलेलं तिकडे पोचलं की." मी म्हटलं, बाळा, तू माझ्या दिरांचा कोण लागतोस?

तीन तास, तुम्हाला सांगते, तीन तास त्या खोलीत मी बबडीला जागं ठेवलं. कडेवर घेऊन बावीस खुर्च्यांना फेऱ्या मारल्या. तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. ओला रुमाल. बिस्किट. परत ओला रुमाल. आणि पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं, हात धुवायला म्हणून तिला सासूबाईंकडे दिली. परत येते तो काय! बबडीची मान खांद्यावर, डोळे अर्धे मिटलेले, आणि सासूबाईंचा हात तिच्या पाठीवर... थप्, थप्, थप्!

"आई! थोपटू नका!"

"मी कुठे थोपटतेय?"

"हा काय हात!"

त्यांनी स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जसा तो शेजारच्या बाईचा आहे. "अगं, सवयीचा हात आहे तो. चार मुलं वाढवलीत या हाताने. पोर खांद्यावर आली की तो आपोआप चालू होतो, मी काय करू?" आणि पुढे, "झोपू दे ना गं लेकराला, काय जल्लादासारखी मागे लागलीस!"

जल्लाद! मी! ऐकून घेतलं. उत्तर तयार होतं, पण बबडीला हलवायची घाई होती.

शेवटी दहा चाळीसला ते विमान उडालं. पन्नास मिनिटांचं अंतर! आणि आम्ही घराबाहेर पडून पावणेसहा तास झाले होते. आत बसलो तर काय, छोटंसं विमान, पंखेवालं, आणि त्याचा तो आवाज... घूंऽऽऽ. अहो, आवाज ऐकू येवो न येवो, ती थरथर खुर्चीतून अंगात चढते, हाडांत उतरते. चांगला जाणता माणूस झोपेल, मग दीड वर्षाच्या पोरीची काय कथा? वर त्या हवाई सुंदरीने दिवे मंद केले. माझ्याकडे वाकून म्हणते, "बाळाला झोप आलीय, उशी देऊ का?" म्हटलं, उशी नको, दिवे लावा! "पण मॅडम, बाकीचे प्रवासी..." "बाकीच्यांना चार महिन्यांनी तारीख मिळणार आहे का?" तिला काही कळलं नाही, पण आमच्या डोक्यावरचा दिवा तेवढा लावला तिने.

वाटेपलीकडच्या खुर्चीत एक टायवाले गृहस्थ बसले होते. बसल्याबसल्या डोळे मिटलेले, हात पोटावर. अलीकडे वाटेच्या बाजूला मी, मांडीवर बबडी, आणि खिडकीशी सासूबाई. तर मी बबडीला जागं ठेवायला तोंडं करायला लागले. गाणी नाही म्हटली. का, ते तुम्हाला कळलं असेल. गाल फुगवले, नाक मुरडलं, जीभ नाकाला लावायचा प्रयत्न केला, डोळे तिरळे केले... आणि नेमके त्याच वेळी टायवाल्यांनी डोळे उघडले. अंगावर पाल पडावी तसे उडाले हो! माझी जीभ बाहेर, डोळे दोन्हीकडे. म्हणाले, "काही... होतंय का तुम्हाला?" मी म्हटलं, "होत काही नाही, मी मुद्दाम करतेय. झोपा तुम्ही."

आणि इकडे सासूबाई परत सुरू. "पुरे कर गं! लोक बघतायत. आमच्या घरात कुणाच्या कानाला कधी काही झालं नाही. उगाच त्या दवाखान्यातल्या बाईच्या नादी लागून पोरीचे हाल चाललेत." आणि हात? हात परत बबडीच्या पायावर. थप्, थप्, थप्!

तेव्हा मात्र, तुम्हाला सांगते, माझा बांध फुटला. लग्नाला चार वर्षं झाली, चार वर्षांत मी आईंना 'नाही' म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं आई. तुमचंच खरं. मग असं करा. ही माझ्या मांडीवर माझ्याकडे तोंड करून उभी आहे, तिची पाठ तुमच्याकडे. हात लावायचा नाही. हाक मारा. घरात मारता तशी, पूर्ण जोर लावून. वळली, तर आत्ता हिला झोपवते, उतरल्यावर उलट्या पावली घरी जाऊ, परत कधी नाव काढणार नाही."

"मारते की! त्यात काय?" आणि सासूबाईंनी मारली हाक. आईंची हाक म्हणजे काय सांगू, तिसऱ्या गल्लीतून ह्यांना बोलावलं तर चौथ्या गल्लीतली माणसं घरी येतात!

"बबडेऽऽऽ!"

सगळं विमान वळलं. पुढच्या रांगेतले वळले, मागच्या रांगेतले उठून उभे राहिले, हवाई सुंदरीच्या हातातला पाण्याचा ग्लास सांडला, टायवाले पट्टा विसरून उठायला गेले आणि परत आपटले. कुठल्या तरी लांबच्या खुर्चीतलं तान्हं भोकाड पसरून रडायला लागलं.

बबडी माझ्या गळ्यातला मणी बघत होती.

आईंनी परत हाक मारली. या वेळी हळू. मग आणखी हळू. मग नुसते ओठ हलले.

आयुष्यात पहिल्यांदा मी सासूबाईंशी वाद जिंकले, आणि मला सांगा, असा वाद कुणाला जिंकायचा असतो? त्यांचा हात परत बबडीच्या पायावर येऊन टेकला होता. पण चालत नव्हता. चार मुलांच्या सवयीचा हात... आपोआप चालू होणारा. थांबला.

आणि नेमकं तेव्हाच पायलट बोलला. काय बोलला? "प्रवाशांना विनंती, धावपट्टीवर कुत्रा आहे. तो हटेपर्यंत आपण वरती फेऱ्या मारू."

कुत्रा! अहो, आमच्या गल्लीत कुत्रा आडवा आला तर रिक्षावाला हॉर्न वाजवतो, नाहीतर शिव्या घालतो. याने काय करायचं? हा आपला घिरट्या घालतोय, खाली तो कुत्रा शेपटी चाटत बसलाय, आणि इकडे पन्नास मिनिटं संपून गेली! उड्डाणाचा वेळ संपला, पण उड्डाण संपेना! पाच मिनिटं, दहा मिनिटं... विमान एका अंगावर कललेलं, पाळण्यासारखं, आणि बबडीच्या पापण्या... एक मिटली. दुसरी मिटत आली. माझ्याजवळची सगळी तोंडं करून संपली होती. ओला रुमाल वाळला होता. मी टायवाल्यांना म्हटलं, "दादा, तुम्ही करा!"

"मी? काय करू?"

"तोंड! काहीही! माझी पोर झोपता कामा नये, तिची कानाची तपासणी आहे!"

त्या माणसाने एकदा बबडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, चष्मा काढून खिशात ठेवला, आणि असा मासा केला, असा मासा! ओठ पुढे, गाल आत. बबडीने एक डोळा उघडला. पुढच्या सीटवरून एका बाईंनी डोकं वर काढून नाक डुकरासारखं केलं. हवाई सुंदरी, एवढी लिपस्टिक लावलेली पोरगी, तिने कान धरून माकड केलं! अर्ध्या विमानाने केलं हो. पण तरी बबडीचा डोळा परत मिटायला लागला... आणि तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "दे इकडे."

मी म्हटलं, "थोपटू नका—"

"दे म्हणते ना!"

त्यांनी तिला समोर उभी धरली, आणि तुम्हाला सांगते, सगळ्या परक्या माणसांसमोर, ज्या बाई सख्ख्या सुनेसमोर सुद्धा कधी दात काढत नाहीत, भिंतीकडे तोंड करून वाटीत ठेवतात, त्या बाईंनी तोंडातली कवळी काढली, वरची आणि खालची, दोन्ही हातांत धरली, आणि कवळीलाच बोलायला लावलं! कट् कट् कट् कट्! बबडी जी हसली! पोट धरून, उचकी लागेतो! कुत्रा हटेपर्यंत हसत होती. टायवाल्यांनी डोळे पुसले. आणि आई बिनदातांच्या तोंडाने मला म्हणाल्या, "झोपत नाही बघ आता. माझी जबाबदारी."

उतरलो. पुढचं बोलतच नाही, कारण तिकडचा विमानतळसुद्धा शहरात नाही, तिथून सव्वा तास टॅक्सी! दवाखान्यात पोचलो तेव्हा वीस मिनिटं कमी दोन. साडेबाराची वेळ. खिडकीतला माणूस म्हणाला, "उशीर झाला, ताई. आता पुढची तारीख." मी म्हटलं, "हे बघा दादा. ही पोर पहाटे चारपासून जागी आहे. ही आत्ता, इथे, तुमच्या या फरशीवर झोपेल. तुम्हाला काय वायरी लावायच्या त्या फरशीवर लावा. पण मी चार महिन्यांची तारीख घेऊन जाणार नाही. बोलवा कुणाला बोलवायचं ते!" आणि आई मागून, "तिला बोलू नका काही, सांगून ठेवते! ती म्हणते ते बरोबर असतं."

मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, दुसऱ्याच कुणाच्या सासूबाई तर नाहीत?

तेवढ्यात फोनवरच्या त्याच बाई बाहेर आल्या. आत एका दांडग्या पोराला दोन तास झोपवत होते, तो काही झोपेना, उलट त्याला झोपवता झोपवता त्याचे वडील झोपले होते. "तुमची झोपेल?" मी बबडीला त्या पलंगावर नुसती टेकवली. उशीला डोकं लागायच्या आधी झोपली हो! बाई म्हणाल्या, "आता आवाज नको. एक शब्द सुद्धा नको."

मी खुणेने विचारलं, किती वेळ?

बाईंनी पाच बोटं दाखवली आणि मग मूठ वळून शून्य केलं.

ती खरी पन्नास मिनिटं. अंधारी खोली, भिंतींना गादीसारखं काहीतरी ठोकलेलं, कपाळाला वायरी, कानात आवाज सोडतायत म्हणे, आणि पडद्यावर रेषा... सपाट, सपाट, जरा थरथरते, परत सपाट. मी, जिला घरात सगळे म्हणतात हिच्या जिभेला हाड नाही, ती मी पन्नास मिनिटं एक अक्षर बोलले नाही. आईंचा हात माझ्या पाठीवर होता. थोपटत होता. मी थोपटू दिला.

निघालं काय, तर दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मोठा आवाज अगदी लांबून आल्यासारखा, बारीक आवाज नाहीच. बाई म्हणाल्या, "वेळेत आलात. मशीन लावलं की ऐकेल, बोलेल. दोन-तीन वर्षं थांबला असता तर अवघड होतं." रडले का? रडले. पण ते दवाखान्याच्या बाथरूममध्ये, नळ सोडून, दोन मिनिटं, आणि मग तोंड धुऊन बाहेर येऊन विचारलं, मशीन कधी? मशीनसाठी लागणारे कानाचे साचे लगेच घ्या, कारण परत दोनदा हेलपाटा मी घालणार नाही!

महिन्याने मशीन लावायला गेलो. परत तेच विमान. या वेळी झोपली तर चालणार होतं, म्हणून बबडी पूर्ण पन्नास मिनिटं टक्क जागी, आणि माझ्या मांडीवर नाचली!

छोटी छोटी गुलाबी मशीनं. बाईंनी कानात बसवली, बटण दाबलं, आणि मला म्हणाल्या, "आई, बोला. आईचाच आवाज पहिला ऐकू दे."

आणि तुम्हाला सांगते, मला शब्द सुचेना! मला! मला, हो! शेवटी कसंबसं म्हटलं, "बबडे..."

ती वळली.

मी मागे होते, तिला दिसत नव्हते, आणि ती वळली. डोळे एवढे मोठे, तोंड उघडं. झालं! एकदा ती वळली म्हटल्यावर मला कोण थांबवणार? दीड वर्षाचं साठलेलं! मी म्हटलं, बबडे, मी तुझी आई, ही आजी, आजीचा हात जरा आगाऊ आहे पण मनाने चांगली आहे, आणि ते तुझे काका आहेत ना त्यांचं काही ऐकू नकोस, पन्नास मिनिटं म्हणाले होते, अगं पावणेनऊ तास लागले, आणि कुत्रा, कुत्रा तर तुला सांगायचाच राहिला, आणि ती परात पडली होती ना, तेव्हा केवढा आवाज झाला होता माहितेय, आणि गाणी, तुला एकही गाणं म्हटलं नाही मी, थांब आता म्हणते... बाई हसतायत, आई डोळे पुसतायत, मी एक कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं सुरू केलं...

बबडीने सगळं ऐकून घेतलं. अगदी शांतपणे. मग दोन्ही हात वर केले, एक मशीन काढलं, दुसरं काढलं, माझा तळवा उघडून दोन्ही त्यात ठेवली आणि माझी बोटं एकेक करून मिटवली.

बाई म्हणाल्या, "अहो, नाराज होऊ नका, पहिल्या दिवशी असं होतं. पण लक्षण चांगलं आहे, तिला व्यवस्थित ऐकू आलंय."

आलंच असणार हो... नाहीतर काढून कशाला दिली असती?